हिरव्या चिठ्ठीखालची तार

आधी जे झाले ते लिहिते. जे व्हावे ते नंतर.

१. माझ्या थोरल्या भावाने मला न विचारता एक जुना ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारे यंत्र, विकत आणला. विकणारा आमच्या ओळखीचा, जुन्या यंत्रांचा व्यापारी. बाजारात त्याला चकाचक म्हणतात.

२. यंत्र आले त्याच दिवशी मी त्याचे अर्थिंग तपासले. प्लगच्या जाड पिनेपासून यंत्राच्या पत्र्यापर्यंत हिरवी तार सलग होती. मी वायरीवर हिरवी चिठ्ठी गुंडाळली.

३. त्यानंतर मी काही दिवस एका गिऱ्हाइकाच्या कामासाठी बाहेरगावी होते.

४. परत आल्यावर मी तोच स्कोप चालू केला. उजवा हात त्याच्या पत्र्यावर होता, डावा शेजारच्या पॉवर सप्लायवर.

५. मला झटका बसला. हात सुटेना. भाऊ दुकानातच होता. वहिनी डबा घेऊन आली होती, तिने मेन स्विच पाडला.

६. डाव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांना आजही स्पर्श कळत नाही.

७. प्लगमधली हिरवी तार सोडवलेली होती. हिरवी चिठ्ठी जागेवर होती.

आता मृत्युपत्र.

मी, मोजमापाच्या यंत्रांची दुरुस्ती आणि तपासणी करणाऱ्या या कार्यशाळेच्या निम्म्या हिश्श्याची मालकीण, वय एकोणतीस, अविवाहित, हा कागद स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. कोणी मला हे लिहायला लावलेले नाही. उलट आई, भाऊ आणि वहिनी या तिघांनीही आपापल्या परीने "लिहू नकोस" असेच सांगितले. मी शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला लिहिताना त्यांनी "या वयात मृत्युपत्र?" असे विचारले. मी ती दोन बोटे त्यांच्यापुढे धरली. त्यांनी दाखल्यावर शिक्का मारला.

आत्ताच का, याचेही कारण नोंदवते. गावाबाहेरचा एक कारखाना बंद झाला. त्याच्या चाचणी विभागातली सगळी जुनी यंत्रे एकगठ्ठा विकायला काढली आहेत. भावाला ती घ्यायची आहेत. दुकान दोघांच्या नावावर असल्यामुळे सही दोघांची लागते. त्याची झाली आहे, माझी राहिली आहे. घेतली तर त्यातल्या प्रत्येक यंत्राला आमच्याकडे पहिल्यांदा वीज लावणार मी. माझ्यानंतर माझे जे काही उरेल त्याची व्यवस्था लावूनच मी त्या प्लगांना हात लावणार आहे.

कलम एक. राहती खोली.

कार्यशाळेच्या वरची खोली बाबांनी माझ्या नावावर केली होती. ती माझ्यानंतर आईने हयातभर वापरावी आणि तिच्यानंतर ती वहिनीकडे जावी. आई सध्या भावाकडे राहते. तिला तिथे काही कमी नाही, पण तिला दार लावून बसायला स्वतःची एक जागा असावी असे मला वाटते. खिडकीची कडी खालून वर ओढून मग फिरवावी लागते, नाहीतर हातात येते.

कलम दोन. बँकेतली शिल्लक.

ती सगळी आईला. तिने ती स्वतःवर खर्च करावी. भावाच्या धंद्यात घालू नये. त्याने मागितली तर हे कलम त्याला वाचून दाखवावे.

मी मृत्युपत्र लिहिते आहे हे कळल्यावर आई वर आली आणि माझ्या स्टुलावर बसली.

"भाऊ आहे तुझा तो."

"म्हणूनच लिहून ठेवतेय. परक्याला तोंडी सांगितलं असतं."

"बोलून का नाही टाकत एकदाचं?"

"मी विचारलं. त्यानं दुसऱ्यावर ढकललं."

आईने टेबलावरचा पेचकस उचलला, पुन्हा तिथेच ठेवला. "तुम्ही दोघं लहानपणापासून असेच. एकानं फोडायचं, दुसऱ्यानं मोजायचं."

हे तिने तक्रार म्हणून सांगितले, पण वर्णन बरोबर आहे.

कलम तीन. हत्यारे आणि उपकरणे.

सोल्डरिंगच्या दोन्ही इस्त्र्या, चिमटे, भिंग आणि माझे चांगले मीटर वहिनीला. "मला काय कळतंय त्यातलं," असे ती म्हणेल. घरात तिला हेच ऐकवले गेले आहे, म्हणून ती ते म्हणते. त्या दिवशी आम्हा तिघांत, म्हणजे भाऊ, मी आणि ते यंत्र यांत, काय करायचे ते एकट्या तिला कळले. तिने मला ओढले नाही, पाणी आणायला धावली नाही. डबा खाली ठेवला आणि मेन पाडला. नंतर भावाने विचारले, "तुला कसं सुचलं?" त्यावर ती म्हणाली, "लग्न झाल्यापासून तुम्हा भावाबहिणीत मी मेन स्विचचंच काम करतेय."

मीटरच्या लाल तारेला आतून तडा आहे. ती आधी बदलावी.

आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर भावाला. हा बाबांनी स्वतः गुंडाळलेला आहे आणि टेबलाखाली असतो. चालू वीज असलेला बोर्ड थेट स्कोपला लावला तर अर्थिंगमधून शॉर्ट होतो आणि लाइट जाते. म्हणून तो बोर्ड आधी या ट्रान्सफॉर्मरवर घ्यायचा, म्हणजे काही जळत नाही आणि कोणी मरत नाही. दुसरी पद्धत अशी की स्कोपची अर्थिंगची तारच सोडवून टाकायची. बाजारातले बरेच कारागीर तेच करतात, कारण त्याला कष्ट नाहीत. आमच्या दुकानात त्याला बंदी होती. ट्रान्सफॉर्मर जड आहे. टेबलाखालून ओढून काढायला वाकावे लागते. भावाने तो स्वतः उचलून न्यावा. हमाल लावू नये. ही अट आहे.

ज्या स्कोपने मला झटका दिला तो कोणालाही विकू नये, दानही करू नये. त्याच्या आत विजेच्या तोंडाशी एक जुना कागदी कपॅसिटर होता. असले कपॅसिटर वयाने तडकतात हे या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. तो तडकला आणि वीज पत्र्यावर आली. अर्थिंग असते तर फ्यूज उडाला असता आणि मी कपॅसिटर बदलून जेवायला बसले असते. तेव्हा यंत्रावर माझा राग नाही. ते म्हातारे झाले होते. त्याचे भाग सुटे करून कामाला लावावेत.

कलम चार. हिरवी चिठ्ठी.

ही वस्तू नाही, पद्धत आहे, पण माझ्याकडे आहे त्यांत सर्वांत मोलाची तीच, म्हणून तिला वेगळे कलम.

बाबांनी ती सुरू केली. दुकानात आलेल्या प्रत्येक यंत्राचे अर्थिंग आधी तपासायचे, मग वायरीला हिरवा कागद गुंडाळायचा. एकदा तो लागला की प्लग उघडायचा नाही. उघडलाच तर कागद फाडायचा, म्हणजे पुढचा माणूस पुन्हा तपासतो. मी शिकून आल्यावर बाबांना म्हटले होते की चिठ्ठी प्लगच्या स्क्रूवर चिकटवू या, म्हणजे कोणी उघडला तर ती आपोआप फाटेल. ते म्हणाले, "घरातल्या घरात कुलूप कोणाला लावायचं?"

ते चुकले. पण माणूस म्हणून चुकले, कारागीर म्हणून नाही.

यापुढे चिठ्ठी स्क्रूवर लागेल.

कलम पाच. जुने वैर.

चकाचकबद्दल माझ्या मनात जो राग होता तो कायम ठेवते, फक्त कारण बदलते.

इस्पितळातून घरी आल्यावर भावाने माझ्यासमोर त्याला फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला, मला ऐकू यावा म्हणून.

"माझ्या बहिणीच्या जिवावर उठलास तू. अर्थिंग कापून माल विकतोस?"

"दादा, मी पुसतो. कापत नाही."

"चोराच्या उलट्या बोंबा."

"तुम्हीच म्हणाला होता ना, ताईंनी तपासून घेतलंय म्हणून? मग?"

भावाने फोन बंद केला. मला म्हणाला, "बघितलंस? कोडगा आहे." मी बघितले होते, पण चकाचककडे नव्हे.

चकाचक यंत्राचा पत्रा पॉलिश करतो, जुने शिक्के खरवडून काढतो, बटणांची घाण पुसतो आणि वर "एकच हात लागलाय" म्हणून सांगतो. त्या पुसण्यामुळे यंत्राने आयुष्य कसे काढले हे कळायला मार्ग उरत नाही. यासाठी मी त्याला माफ केलेले नाही. मात्र तार त्याने काढली नाही. हे मी इथे लिहिते, कारण बाजारात त्याच्यावर तो ठपका आमच्या दुकानातून गेला आहे.

कलम सहा. तो प्लग.

ज्या दिवशी मला झटका बसला त्याच संध्याकाळी, मी इस्पितळात असताना, भावाने स्कोपला नवा प्लग बसवला. जुना कुठे आहे असे मी विचारले तेव्हा म्हणाला, "फेकला. नको ती वस्तू डोळ्यांसमोर कशाला?"

आमच्याकडे काही फेकले जात नाही. टेबलाच्या टोकाला भंगाराचा पत्र्याचा डबा आहे, सगळे त्यात जाते. प्लगही त्यातच होता, कापलेल्या वायरीचा तुकडा आणि त्यावरच्या हिरव्या चिठ्ठीसकट. मी तो उघडला. हिरवी तार स्क्रूतून काढून मागे दुमडली होती आणि तिच्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. पट्टीचे शेवटचे टोक स्वतःवरच दुमडून त्याची छोटी शेपटी केली होती, नंतर नखाने धरून सोडवता यावी म्हणून.

अशी शेपटी माझ्या माहितीत एकच माणूस ठेवतो. शाळेच्या पुस्तकांना कव्हर घालायचा तेव्हापासून ठेवतो. आमच्या दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक खोक्यावर ती असते.

शेजारच्या लेथवाल्यांची आणि आमची मेन लाइन एकच आहे. मी न विचारताच त्यांनी सांगितले, "ताई, तुम्ही नव्हता तेव्हा तुमच्याकडं कोणीतरी इन्व्हर्टरचा बोर्ड घेऊन आलं होतं, ते यंत्र बघायला. फट झालं आणि माझीपण लाइट गेली. पुन्हा चालू केली, पुन्हा गेली. मी ओरडलो. दादा म्हणाले, आता नाही जाणार."

"मग?"

"मग काय. नाही गेली."

झाले ते एवढेच. गिऱ्हाईक समोर उभे होते, ट्रान्सफॉर्मर जड होता, तार हलकी होती. त्याला ती परत जोडायची होती यावर माझा विश्वास आहे. शेपटी त्याचाच पुरावा आहे. तो विसरला. विसरणे मी समजू शकते. डब्यातल्या प्लगवर झाकण ठेवून दुसऱ्याच्या नावाने शंख करणे मी समजू शकत नाही.

तो प्लग पाकिटात घालून, पाकिटावर सह्या घेऊन, पहिल्या साक्षीदारांच्या ताब्यात दिला आहे.

कलम सात. विकाऊ यंत्रे, आणि माझा निम्मा हिस्सा.

गेल्या आठवड्यात मी, भाऊ आणि मधला माणूस म्हणून चकाचक, असे तिघे त्या बंद कारखान्यात गेलो. दोघांचे आता पुन्हा जमले आहे, धंद्यात जमतेच. चाचणी विभागाची खोली वरच्या मजल्यावर आहे. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या, भिंतीवर घड्याळाच्या जागी गोल पांढरा डाग. यंत्रे मात्र कापडी झाकणांखाली ओळीने, जागच्या जागी. चकाचकचा हात त्यांना अजून लागला नव्हता.

"सोनं आहे, सोनं," भाऊ म्हणाला. "आपण नाही घेतलं तर दुसरा कोणी घेईल आणि आपण बसू हात चोळत."

मी झाकणे काढत गेले. जुने यंत्र घ्यावे की नाही हे मी त्याच्या वयावरून ठरवत नाही. स्क्रूची डोकी बघते: झिजलेली असतील तर आत पुष्कळ जण जाऊन आले आहेत. पंख्याच्या जाळीला नाक लावते: जळका वास लपत नाही. बटण सावकाश फिरवते. हँडल झिजलेले आणि बटणे कोरी असतील तर यंत्र नुसते उचलले गेले, वापरले गेले नाही.

"किती वास घेताय, ताई?" चकाचक म्हणाला. "भाजी नाही ती."

"भाजी असती तर तुम्ही पाणी मारलं असतं."

भाऊ हसला. फार दिवसांनी आम्ही दोघे एकाच गोष्टीवर हसलो असतो, पण मी हसले नाही.

निकाल असा: दोन स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर सोडून द्यावेत, त्यांचे पडदे गेले आहेत आणि ते भाग आता कुठे मिळत नाहीत. बाकी सगळे घेण्याजोगे आहे. सिग्नल जनरेटर उत्तम आहेत. स्कोप बाबांनी हयातीत पाहिले असते तर त्यांनी खुर्ची ओढून घेतली असती. यंत्रांविरुद्ध माझी काही तक्रार नाही. पण ती दुरुस्त होऊन विकली जातील ती माझ्या हिरव्या चिठ्ठीवर. ती चिठ्ठी बघून कोणी अनोळखी माणूस निर्धास्तपणे पत्र्यावर हात ठेवील. त्या माणसाच्या आणि माझ्या भावाच्या मध्ये दुसरे काही नसेल.

परत येताना गाडीत भाऊ म्हणाला, "तू सही का अडवतेस? बोटांचा राग धंद्यावर काढू नकोस."

"बोटांचा राग नाहीये, दादा."

"मग कशाचा? बोल ना. मूग गिळून बसतेस आणि मग माणसाला गुन्हेगारासारखं बघतेस."

"तुला काही सांगायचंय का?"

तो गिअर बदलायला लागला. रस्ता सरळ होता.

त्याच्या बाजूचेही लिहिते. बाबा आजारी पडले तेव्हा शिक्षण त्याने सोडले, मी नाही. हे तो मधूनमधून ऐकवतो आणि ते खरे आहे. सोल्डरचा पहिला डाग मला त्याने शिकवला, माझा हात आपल्या हातात धरून. तो डाग आजही दुकानातल्या रेडिओत आहे आणि रेडिओ चालतो. यामुळे त्याचा हक्क वाढतो असे मी मानते. तार काढण्याचा हक्क यात येत नाही.

म्हणून माझ्या निम्म्या हिश्श्याबद्दल दोन पर्याय ठेवते.

(अ) शेवटी मी विचारलेल्या प्रश्नाचे भावाने खरे उत्तर लेखी दिले, तर माझ्यानंतर माझा हिस्सा त्याला मिळावा. कारखान्याच्या यंत्रांच्या कागदावर मी त्याच दिवशी सही करीन. हे उत्तर कोणत्याही कोर्टात किंवा बाजारात वापरले जाणार नाही. फक्त चकाचकला एक फोन भावाने स्वतः करावा, आवाज मोठा ठेवून. माफी यात धरलेली नाही. ती मृत्युपत्राने देता येत नाही.

(आ) उत्तर खोटे आले किंवा आलेच नाही, तर माझा हिस्सा वहिनीला मिळावा. मग भावाला प्रत्येक खरेदीला तिची सही लागेल. मी जिवंत असेपर्यंत माझी लागेल, आणि ती मिळणार नाही.

वहिनीला हे वाचून दाखवले. ती म्हणाली, "म्हणजे तू गेलीस तरी भांडण माझ्याच स्वयंपाकघरात ठेवून जाणार." मी हो म्हटले. त्यावर ती "राहू दे," म्हणाली. "निदान कोणीतरी मला विचारून काही घेईल."

कलम आठ. मृत्यू विजेने झाल्यास.

मला कामावर असताना झटका बसून मृत्यू आला, तर मेन पाडल्यानंतर कोणताही प्लग काढू, उघडू किंवा बदलू नये. बाहेरचा विद्युत निरीक्षक येऊन पाहीपर्यंत सर्व वस्तू जागच्या जागी राहाव्यात. हा मजकूर घरातल्या सर्वांना लागू आहे. विशेषतः थोरल्या भावाला.

कलम नऊ. व्यवस्था.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वहिनीने करावी. अडचण आली तर तिने कोणाला विचारत बसू नये. आधी मेन पाडावा, मग विचार करावा.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे मी वाचून पाहिले, लिहिले आहे तेच मला म्हणायचे आहे, आणि ते दोन्ही साक्षीदारांसमोर सही करून पक्के करते.

लिहून ठेवणारी: (सही)

साक्षीदार पहिले: शेजारचे लेथवाले (सही). यांनी मजकूर वाचला नाही, सही होताना पाहिली. प्लगचे पाकीट यांच्याकडे.

साक्षीदार दुसरे: दाखला देणारे डॉक्टर (सही).

स्थळ: कार्यशाळेच्या वरची खोली.
दिनांक: ८ नोव्हेंबर २०२५.

एक प्रत थोरल्या भावाला, आज, हातात.

दादा, मी हिरवी चिठ्ठी लावल्यानंतर ती तार तू काढलीस का? हो किंवा नाही, एवढेच लिही आणि खाली सही कर. कारण नको. शनिवार, १५ नोव्हेंबर, दुकान बंद व्हायच्या आत कागद माझ्या टेबलावर ठेव. कृपया उत्तर द्यावे.